मागच्या गिऱ्हाइकाची पेटी पुढच्याच्या यादीत: व्हेरिएबलचा स्कोप आणि त्याचं आयुष्य

देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांची आंबा विक्रीची साइट असो, तारकर्लीच्या होमस्टेचं बुकिंग असो की मालवणच्या स्कूबाच्या फेऱ्यांचं आरक्षण, या साइट वर्षातले बरेच महिने निवांत चालतात. मार्चमध्ये आंबा सुरू होतो किंवा डिसेंबरअखेरची गर्दी येते, आणि अचानक पुण्याच्या गिऱ्हाइकाला ठाण्याच्या गिऱ्हाइकाचा पत्ता दिसतो. सर्व्हर रीस्टार्ट केला की सगळं ठीक. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

‘रीस्टार्टने जातं’ हे या दुखण्याचं सगळ्यात खात्रीचं लक्षण. डेटाबेसमध्ये चूक असती तर रीस्टार्टने गेली नसती. म्हणजे माल प्रोसेसच्या (सर्व्हरवर चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या) मेमरीत अडकला आहे: एका रिक्वेस्टपुरतं (ब्राउझरने सर्व्हरकडे केलेल्या एका मागणीपुरतं) जगायला हवं होतं ते व्हेरिएबल पुढच्या रिक्वेस्टपर्यंत जिवंत राहिलं आहे.

व्हेरिएबलला विचारायचे दोन प्रश्न

पहिला: ते कोडच्या कुठल्या भागातून दिसतं? हा स्कोप. दुसरा: ते कधी जन्मतं आणि कधी मरतं? हे आयुष्य. शिकवताना दोन्ही एकत्र शिकवतात, त्यामुळे ‘फंक्शनच्या आत आहे म्हणजे फंक्शन संपलं की गेलं’ अशी समजूत घट्ट बसते. ती खोटी आहे. फंक्शनच्या आतूनच दिसणारं व्हेरिएबल सर्व्हर बंद होईपर्यंत जगू शकतं. पुढचे जवळजवळ सगळे घोळ या एका फरकातून निघतात.

वेब प्रोग्रॅममध्ये आयुष्याचे टप्पे साधारण पाच: फंक्शनचा एक कॉल, एक रिक्वेस्ट, एका वापरकर्त्याचं सेशन (त्याची साइटवरची एक भेट), सर्व्हरची प्रोसेस, आणि प्रोसेसच्याही बाहेर राहणारं सगळं, म्हणजे डेटाबेस, रेडिस (माहिती मेमरीत ठेवणारा वेगळा सर्व्हर), ब्राउझरचं स्टोअरेज. कुठलंही व्हेरिएबल लिहिताना ते यांपैकी कुठे बसतं हे सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर तिथंच पाणी मुरतंय.

पायथन: एकदाच बनणारी रिकामी यादी

समजा फंक्शन असं लिहिलं आहे: डेफ पेटी_टाक(पेटी, यादी=[]). वाचताना वाटतं, यादी दिली नाही तर दर वेळी नवी रिकामी यादी मिळेल. प्रत्यक्षात ते चौकोनी कंस डेफची ओळ चालते तेव्हा, म्हणजे बहुधा सर्व्हर सुरू होताना, एकदाच यादी बनवतात आणि ती फंक्शनला चिकटून राहते. पहिल्या गिऱ्हाइकाने ५ डझनांची पेटी टाकली, यादीत १ पेटी. दुसऱ्याने टाकली, यादीत २. तिसऱ्याच्या बिलात ३. डिक्शनरी आणि सेटचंही असंच. आकडा किंवा मजकूर डिफॉल्ट असेल तर धोका नाही, कारण ते जागच्या जागी बदलता येत नाहीत.

दुरुस्ती: डिफॉल्ट ‘नन’ ठेवा आणि आत, यादी ‘नन’ असेल तर नवी रिकामी यादी बनवा. तपासताना ‘इज नन’ असंच लिहा. ‘यादी = यादी ऑर []’ ही आखूड ओळ वापरू नका. बोलावणाऱ्याने मुद्दाम स्वतःची रिकामी यादी दिली असेल तर ही ओळ ती बाजूला टाकून दुसरीच भरते, आणि बोलावणाऱ्याची यादी शेवटपर्यंत रिकामी राहते.

याचाच भाऊबंद: तारीख=आज() असं डिफॉल्ट. साइट १० मार्चला सुरू केली तर २५ मार्चच्या ऑर्डरवरही १० मार्चच छापलं जातं. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये मॉडेलला (डेटाबेसच्या तक्त्याचं वर्णन करणाऱ्या क्लासला) डिफॉल्ट देताना टाइमझोन.नाऊ पुढचे कंस गाळायचे ते याचसाठी. कंस दिले तर वेळ एकदाच मोजली जाते, गाळले तर दर नव्या नोंदीला फंक्शन बोलावलं जातं.

हे दोन्ही घोळ डोळ्यांनी शोधत बसू नका. रफ किंवा फ्लेक८-बगबेअर हे कोड तपासणारं साधन लावलं तर बदलता येणाऱ्या डिफॉल्टसाठी बी००६ आणि डिफॉल्टमधल्या फंक्शन-कॉलसाठी बी००८ हे नियम नेमकी ओळ दाखवतात. रफमध्ये ते आपोआप चालू नसतात, सेटिंगमध्ये निवडावे लागतात.

क्लासच्या तोंडाशी लिहिलेली यादी हीसुद्धा सर्वांची सामायिक. क्लास ऑर्डरच्या खाली लगेच पेट्या = [] लिहिलं आणि पुढे सेल्फ.पेट्या.अपेंड केलं, तर सगळ्या ऑर्डरी एकाच यादीत भरतात. सेल्फ.पेट्या = [] ही ओळ इनिटच्या (नवी वस्तू बनताना चालणाऱ्या फंक्शनच्या) आत हवी. डेटाक्लास (फील्ड सांगितली की इनिट आपोआप बनवणारा क्लास) वापरला तर यादी डिफॉल्ट दिल्यावर पायथन थेट व्हॅल्यू-एरर देतं आणि डिफॉल्ट_फॅक्टरी, म्हणजे दर वेळी नवी यादी बनवणारं फंक्शन, मागतं. नव्या कोडसाठी डेटाक्लास घ्यावा असं आमचं ठाम मत आहे, ते याच कारणाने.

मॉड्यूलच्या पातळीवरचं व्हेरिएबल आणि वर्करांचा लपंडाव

फाइलच्या वरच्या टोकाला, कुठल्याही फंक्शनच्या बाहेर लिहिलेली यादी म्हणजे पडवीत ठेवलेली टोपली: येणारा-जाणारा प्रत्येक जण तीत हात घालू शकतो. तरी असा कोड लिहिला जातो, त्याचं कारण पायथनच्या एका नियमात आहे. फंक्शनच्या आत बाहेरच्या व्हेरिएबलला नवं मूल्य द्यायला गेलात, उदाहरणार्थ एकूण = एकूण + १, तर पायथन त्याला स्थानिक समजतं आणि अनबाउंड-लोकल-एरर देतं. पण बाहेरच्या यादीवर अपेंड केलं तर काहीच तक्रार करत नाही, कारण तिथे नाव बदलत नाही, आतला माल बदलतो. पहिल्या ठिकाणी एरर येते म्हणून माणूस ‘ग्लोबल एकूण’ अशी ओळ घालतो, एरर जाते, आणि त्या क्षणापासून सगळ्या गिऱ्हाइकांची बेरीज एका ठिकाणी व्हायला लागते. ती एरर तुम्हाला वाचवत होती. ‘ग्लोबल’ लिहायची वेळ आली की थांबा. हवं ते मूल्य आर्ग्युमेंटने आत द्या आणि रिटर्नने बाहेर घ्या.

आता यातला खरा चकवा. पायथनच्या साइट चालवणाऱ्या गनिकॉर्न या सर्व्हरमध्ये वर्करांची संख्या दिली नाही तर १ असते, आणि सुचवलेलं गणित आहे प्रोसेसरच्या कोरांच्या दुप्पट अधिक १. दोन कोरांच्या साध्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) झाले ५ वर्कर. प्रत्येक वर्कर ही स्वतंत्र प्रोसेस, म्हणून मॉड्यूलमधल्या यादीच्या पाच वेगळ्या प्रती. गिऱ्हाईक पान रिफ्रेश करतं तेव्हा रिक्वेस्ट कुठल्या वर्करकडे जाईल ते ठरलेलं नसतं. त्यामुळे पेटी दिसते, गायब होते, परत दिसते. तुमच्या लॅपटॉपवर एकच प्रोसेस असते, तिथे हे कधीच घडत नाही.

पकडण्याची रीत: प्रत्येक रिक्वेस्टच्या लॉगमध्ये प्रोसेस-आयडी, वापरकर्त्याचा आयडी आणि संशयित यादीचा आयडी() (पायथन वस्तूला देतं तो ओळख-आकडा) या तीन गोष्टी लिहा. वेगवेगळ्या वापरकर्त्यांसमोर, वेगवेगळ्या वेळी, त्याच प्रोसेसमध्ये तोच आयडी पुन्हापुन्हा आला तर ती यादी बहुधा सामायिक आहे. एखाददुसऱ्या जुळणीवर जाऊ नका. जुनी वस्तू मेल्यावर पायथन तोच आकडा नव्या वस्तूला देऊ शकतं. मग वर्कर १ वर आणून पुन्हा पाहा. लपंडाव थांबून चूक दर वेळी दिसू लागली, तर निदान पक्कं.

मेमरीत काही ठेवायचंच नाही असं मात्र नाही. आजचा भाव, पिनकोडची यादी, वाहतुकीचे दर सगळ्यांसाठी एकच असतात. ते प्रोसेसच्या मेमरीत ठेवणं योग्य आहे. फक्त बागायतदाराने सकाळी भाव बदलला तर तो ज्या वर्करकडे गेला तिथेच बदलेल, बाकीचे चार जुना भाव दाखवत राहतील. अशा मूल्याला ६० सेकंदांची मुदत घाला, किंवा ते रेडिसमध्ये ठेवा.

याच जातीची एक तक्रार होमस्टेच्या साइटवर येते: नवी खोली डेटाबेसमध्ये घातली, पण बुकिंगच्या ड्रॉपडाउनमध्ये दिसत नाही. जँगोच्या फॉर्ममध्ये चॉइसेसची यादी क्लासच्या तोंडाशी डेटाबेसमधून काढून भरली असेल, तर ती सर्व्हर सुरू होतानाच गोठते. चॉइसेसला यादीऐवजी फंक्शन द्या, किंवा मॉडेल-चॉइस-फील्ड वापरा. ते दर फॉर्मला नव्याने विचारतं.

रिक्वेस्टपुरती सामायिक जागा हवी असेल तर फ्लास्क या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये ‘जी’ ही वस्तू आहे. फ्लास्कचं सेशन मात्र मुळात सही केलेली कुकी असते, गुप्त केलेली नव्हे. गिऱ्हाईक ती उघडून वाचू शकतं, आणि तिची मर्यादा साधारण ४ केबी. तिच्यात पेट्यांची अख्खी यादी कोंबू नका, ऑर्डरचा आयडी ठेवा.

नोड: अवेटच्या फटीतून आत शिरणारं दुसरं गिऱ्हाईक

‘नोड एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच धाग्यावर) चालतं, मग गोंधळ कसा होईल?’ हा प्रश्न नोडवर, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्यांकडून, वारंवार येतो. उत्तर अवेटमध्ये, म्हणजे बाहेरचं काम होईपर्यंत फंक्शनला थांबवणाऱ्या शब्दात, आहे. मॉड्यूलच्या पातळीवर लेट चालू_ग्राहक असं लिहिलं, हँडलरमध्ये त्यात लॉगिन केलेल्याचं नाव ठेवलं, मग डेटाबेसला अवेट केलं आणि नंतर चालू_ग्राहक वापरून पान बनवलं. अवेटवर हे फंक्शन थांबतं आणि नोड दुसऱ्या गिऱ्हाइकाची रिक्वेस्ट हाती घेतं. ती चालू_ग्राहकवर स्वतःचं नाव लिहिते. पहिलं फंक्शन जागं होतं तेव्हा नाव बदललेलं असतं.

दिवसाला दहा ऑर्डरी असताना दोन रिक्वेस्ट त्या काही मिलिसेकंदांच्या फटीत एकत्र येणं दुर्मीळ. अक्षय्य तृतीयेच्या आधी ऑर्डरी वाढल्या की ते होतं. म्हणून हंगामाच्या आधीच ती फट मुद्दाम रुंद करून पाहा: अवेटच्या जागी ५ सेकंदांची झोप घाला, एका ब्राउझरमधून ऑर्डर पाठवा, दोन सेकंदांनी दुसऱ्यातून पाठवा. चूक असेल तर पहिल्या खिडकीत दुसऱ्याचं नाव हमखास येतं.

दुरुस्ती म्हणजे ग्राहकाची माहिती रिक्वेस्टच्या वस्तूवरच ठेवायची, किंवा आर्ग्युमेंटने पुढे न्यायची. लॉगसारख्या ठिकाणी दर फंक्शनला आर्ग्युमेंट देणं जड जात असेल तर नोडचं असिंक-लोकल-स्टोअरेज आहे. ते प्रत्येक रिक्वेस्टच्या धाग्याला वेगळं मूल्य देतं. सर्व्हरवर पान रंगवणाऱ्या रिअ‍ॅक्ट किंवा व्ह्यू साइटमध्ये मॉड्यूलच्या पातळीवर बनवलेला स्टोअर (पानाची माहिती धरणारी वस्तू) हाच दगा देतो. स्टोअर बनवणारं फंक्शन लिहा आणि ते दर रिक्वेस्टला बोलवा.

जावास्क्रिप्टचे आणखी काही सापळे. लेट, कॉन्स्ट किंवा व्हार न लिहिता थेट मूल्य दिलं तर सैल मोडमध्ये ते गुपचूप ग्लोबल होतं. स्ट्रिक्ट मोडमध्ये रेफरन्स-एरर येते, आणि ईएस मॉड्यूल कायम स्ट्रिक्टच असतात. कॉन्स्टने नाव बांधलं जातं, आतला माल नाही: कॉन्स्ट यादीत खुशाल पुश करता येतं. तीन टिंबांनी (...) केलेली प्रत वरवरची असते, रिकाम्या ऑर्डरच्या नमुन्यातली आतली पेट्यांची यादी सगळ्या प्रतींत एकच राहते. नमुना ठेवण्याऐवजी नवी ऑर्डर बनवून देणारं फंक्शन ठेवा.

एक सापळा तर फारच कमी जणांना ठाऊक असतो. मोबाइल नंबर तपासायला मॉड्यूलच्या पातळीवर रेग्युलर एक्स्प्रेशन ठेवलं आणि त्याला शेवटी ‘जी’ ध्वज लावला, तर ते स्वतःच्या आत लास्ट-इंडेक्स जपून ठेवतं. पहिला १० आकडी नंबर बरोबर ठरतो आणि लास्ट-इंडेक्स १० होतो. पुढच्या गिऱ्हाइकाचा नंबर दहाव्या स्थानापासून तपासला जातो, अर्थातच चूक ठरतो आणि लास्ट-इंडेक्स ० वर येतो. तिसरा पुन्हा बरोबर. म्हणजे बरोबर नंबर येत राहिले तर एक आड एक गिऱ्हाइकाला ‘नंबर चुकीचा आहे’. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या टेस्ट() फंक्शनने तपासायचं असेल तर ‘जी’ लावायचाच नाही.

पीएचपी आणि जावा

पीएचपीत रिक्वेस्ट संपली की सगळी व्हेरिएबलं पुसली जातात, फंक्शनमधलं स्टॅटिकसुद्धा. म्हणून पीएचपीवाल्यांना ही दुखणी कमी. पण लॅरव्हेल ऑक्टेन किंवा स्वूल वापरलं की प्रोसेस जिवंत राहते आणि सिंगलटनमध्ये (सगळ्यांसाठी एकदाच बनणाऱ्या वस्तूत) मागच्याची माहिती उरते. साध्या पीएचपीतला नेहमीचा घोळ रेफरन्सने चालवलेल्या फोरईचचा: लूप संपल्यावरही ते व्हेरिएबल शेवटच्या नोंदीला बांधलेलंच असतं. त्याच नावाने दुसरा साधा लूप चालवला की शेवटची पेटी गायब होते आणि तिच्या जागी तिच्या आधीची दोनदा येते. पहिल्या लूपनंतर लगेच अनसेट करा.

जावात सर्व्हलेटची (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या क्लासची) वस्तू एकच असते आणि सगळे थ्रेड तीच वापरतात. स्प्रिंग फ्रेमवर्कने बनवलेली वस्तू, म्हणजे बीन, हीही न सांगता सिंगलटन. फील्डमध्ये ग्राहक ठेवू नका. थ्रेड-लोकल (दर थ्रेडला वेगळं मूल्य) वापरलंत तर फायनलीमध्ये रिमूव्ह करा, कारण टॉमकॅट सर्व्हर तेच थ्रेड पुन्हा वापरतो.

पुन्हा वापरल्या जाणाऱ्या वस्तूंनी मोठमोठ्यांना अडचणीत आणलं आहे. ८ मार्च २०२१ रोजी गिटहब या कोड साठवणाऱ्या साइटने सगळ्या वापरकर्त्यांना लॉगआउट केलं. रिक्वेस्टची माहिती धरणारी एक वस्तू सर्व्हर पुढच्या रिक्वेस्टला पुन्हा वापरत होता, आणि नव्याने घातलेला पार्श्वभूमीतला थ्रेड ती अजून धरून होता. ०.००१ टक्क्यांहून कमी सेशन्स बाधित झाली, तरी कारवाई सगळ्यांवर करावी लागली. २० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटीत काहींना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसली. तिथे रेडिसच्या पायथन लायब्ररीत रद्द झालेल्या विनंतीचं उत्तर कनेक्शनमध्येच पडून राहत होतं, आणि ते कनेक्शन पुढच्याच्या वाट्याला जात होतं.

तुमच्या डेटाबेस-पूलमध्येही (पुन्हापुन्हा वापरायच्या कनेक्शनांच्या साठ्यातही) असं होऊ शकतं. पोस्टग्रेसमध्ये साध्या ‘सेट’ने बागायतदाराचा आयडी ठेवलात तर तो कनेक्शनवर चिकटून राहतो; ट्रान्झॅक्शनच्या आत ‘सेट लोकल’ वापरा, ट्रान्झॅक्शन संपली की तो आपोआप जातो.

ब्राउझरमध्ये उरलेला माल

इथे रीस्टार्टने काही होत नाही. लोकल-स्टोअरेजला मुदतच नसते. आपले सरकार सेवा केंद्रात एकाच संगणकावर, एकाच ब्राउझरमध्ये दिवसभर वेगवेगळ्या माणसांचे अर्ज भरले जातात. तुमच्या फॉर्मने अर्धवट मजकूर ‘मसुदा’ अशा एकाच नावाने साठवला, तर पुढच्या अर्जदाराच्या फॉर्ममध्ये मागच्याचा आधार क्रमांक येईल.

तरीही मसुदा साठवणं कोकणात गरजेचं आहे. घाटात आणि खाडीकाठच्या कित्येक वाड्यांत रेंज मध्येच जाते. भरलेला फॉर्म पुसला गेला तर माणूस परत भरत नाही. म्हणून साठवा, पण असं: किल्लीत वापरकर्त्याचा किंवा अर्जाचा आयडी घाला, सोबत वेळ लिहा आणि वाचताना २४ तासांहून जुनं असेल तर टाकून द्या, आधार, बँक खाते असले रकाने मुळीच साठवू नका, अर्ज यशस्वी झाल्यावर आणि लॉगआउटवर पुसा. लॉगआउटच्या उत्तरात क्लिअर-साइट-डेटा हेडरने ‘स्टोअरेज’ पाठवलं तर ब्राउझर त्या साइटचं सगळं स्टोअरेज साफ करतो. लोकल-स्टोअरेज फक्त मजकूर साठवतं हेही ध्यानात ठेवा. ‘फॉल्स’ ठेवलंत तर परत मिळतो पाच अक्षरी शब्द, आणि तो अटीत खरा ठरतो.

लॉगआउटनंतर बॅक दाबलं की जुनं पान जसंच्या तसं दिसतं. ब्राउझर ते पान मेमरीत गोठवून ठेवतो. खासगी पानांना कॅश-कंट्रोलमध्ये नो-स्टोअर द्या. शिवाय पेजशो या घटनेत पर्सिस्टेड खरं असेल तर पान पुन्हा लोड करा.

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मधल्या कॅशची (साठवून ठेवलेल्या प्रतींची) चूक सगळ्यात महाग पडते. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर कॅशच्या चुकीच्या मांडणीमुळे सुमारे ३४,००० वापरकर्त्यांची पानं इतरांना दिसण्याजोगी झाली. सीडीएन (साइटच्या प्रती जागोजागच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) लावताना फक्त चित्रं, सीएसएस आणि स्क्रिप्ट कॅश होऊ द्या. लॉगिननंतरचं प्रत्येक पान प्रायव्हेट, नो-स्टोअर.

हंगामाआधीची तपासणी

दोन वापरकर्ते बनवा, नावं ठळक वेगळी ठेवा: एक ‘देवगड’, दुसरा ‘रत्नागिरी’. दोन वेगळे ब्राउझर घ्या, किंवा एक साधी खिडकी आणि एक इन्कॉग्निटो. क्रोमच्या दोन इन्कॉग्निटो खिडक्या चालणार नाहीत, त्यांच्या कुकी एकच असतात. आधी एक वर्कर ठेवून एकामागून एक ऑर्डर टाका. डिफॉल्ट यादी आणि ग्लोबलचे घोळ इथे निघतात. मग झोप घालून एकाच वेळी टाका, अवेटचे निघतात. शेवटी वर्कर वाढवून दहा-वीसदा रिफ्रेश करा.

हेच स्वयंचलित करायचं तर दोन्ही वापरकर्त्यांच्या शंभरेक रिक्वेस्ट एकाच वेळी सोडा आणि ‘देवगड’च्या कुठल्याही उत्तरात ‘रत्नागिरी’ हा शब्द आला तर टेस्ट नापास करा. पायथनच्या पायटेस्ट या टेस्ट-साधनात पायटेस्ट-रँडमली हे प्लगिन घालून टेस्टचा क्रम दर वेळी बदला. एका टेस्टचा माल दुसरीत उरत असेल तर क्रम बदलल्यावर उघडं पडतं.

आणि चूक चालू साइटवर सापडली तर रीस्टार्टच्या आधी लॉग बाजूला काढा, नाहीतर पुरावा आणि बाधितांची यादी दोन्ही हातचं जाईल. ज्या पानावर गळती आहे ते बंद करा. गनिकॉर्नचे साधे सिंक वर्कर असतील तर मॅक्स-रिक्वेस्ट्स १ ठेवता येतं: दर रिक्वेस्टनंतर प्रोसेस नवी होते, साइट संथ चालते, पण प्रोसेसमधला जुना माल पुढे जात नाही. सगळी सेशन्स रद्द करा, सीडीएनचं कॅश रिकामं करा. ज्यांची माहिती दुसऱ्याला दिसली त्यांना कळवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि साइट लहान आहे म्हणून गिऱ्हाइकाचा पत्ता कमी खासगी होत नाही. मॅक्स-रिक्वेस्ट्स पूर्ववत करायचं ते वरची दोन ब्राउझरची तपासणी पास झाल्यावरच.